विश्वामित्रीचा पूर पावागडपासून खंबातपर्यंत बघू या का?

विश्वामित्रीकाठी | ८ जून २०२५, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. आज मृग लागला. आभाळ भरून आलं की आमच्या घरात अजून कुणी नीट जेवत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

आमचा शाडूच्या गणपतींचा धंदा. सासऱ्यांनी सुरू केलेली शेड बडोद्यात परशुराम भठ्ठ्याच्या वस्तीअलीकडे, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. गेल्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि जन्माष्टमी २६ ऑगस्टला. त्या दिवशी शेडमध्ये एकशे चाळीस मूर्ती उभ्या होत्या. रंगकाम झालेलं, फक्त डोळे आखायचे बाकी. डोळे सासरे स्वतः आखतात, शेवटच्या आठवड्यात, सकाळच्या उजेडात. रात्री पाणी आलं. आधी गटारातून उलटं, मग दारातून. हाताला लागल्या तेवढ्या मूर्ती वरच्या फळ्यांवर चढवल्या आणि निघालो. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर एकही मूर्ती पडलेली नव्हती. शाडू पाण्यात फुटत नाही, बसल्या जागी सुटत जातो. पाटांवर नुसते ढीग होते, आणि ढिगांवर रंगाचा पातळ पापुद्रा, पितांबराचा पिवळा, शेल्याचा लाल. भिंतीवरची चिखलाची रेघ माझ्या खांद्याला लागते. सासऱ्यांनी ती पुसू दिलेली नाही.

सावधगिरीचा मेसेज फोनवर आला तेव्हा आम्ही गुडघाभर पाण्यात होतो. कुणाचं नाव घेऊन भांडायला हा धागा नाही. मला समजून घ्यायचंय. गेले नऊ महिने जो भेटेल तो पुराचं वेगळं कारण सांगतो. कुणी म्हणतं वरच्या अजवा तलावाचं पाणी सोडलं, कुणी म्हणतं काठावरची बांधकामं, कुणी गाळ, कुणी मगरी. मला वाटतं सगळेच थोडे थोडे खरे आहेत, पण जो तो नदीचा आपल्यासमोरचा तुकडाच बघतोय.

मार्चमध्ये यजमानांबरोबर स्कूटरवर पावागडच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. नदी तिथून निघते. डोंगरावर पडलेलं पाणी कातळावरून धावत खाली येतं, प्रतापपुरा आणि अजव्याच्या तलावांत शिरतं, पुढे बडोद्यात येतं. वाटेत सूर्या नदी मिळते, ओढे मिळतात. शहरात समा, कारेलीबाग, फत्तेगंज, सयाजीगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर असं वळसे घेत ती खाली जाते आणि पुढे ढाढरला मिळून खंबातच्या आखातात. घरी आल्यावर कागदावर काढून बघितलं. आमची शेड त्या सगळ्या रेघेवर एक ठिपका होती. त्या ठिपक्यापाशी कितीही उंच भिंत बांधली तरी वरून येणारं पाणी कमी होणार नाही, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

तुमच्यापैकी ज्यांना पाण्यातलं कळतं, ज्यांनी इतर शहरांचे पूर पाहिलेत, त्यांनी लिहा. अख्ख्या खोऱ्याचा एकत्र विचार करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

-----

दांडियाबाजारकर | ८ जून, ९:४८

ताई, मूर्तींचं वाचून गलबललो. आमच्या मंडळाची मूर्ती गेल्या वर्षी ऐन वेळी बाहेरगावाहून आणावी लागली, आता कारण कळलं.

माझं मत सरळ आहे. नदी बुजलीय, ती मोकळी करा. मी लहानपणी काळ्या घोड्याच्या चौकाजवळच्या पुलावरून खाली बघायचो तेव्हाचं पात्र आणि आजचं पात्र, अर्धं राहिलंय. यंदा उन्हाळ्यात शहरातल्या जवळजवळ २४ किलोमीटर पात्राचा गाळ काढला, रुंदी-खोली वाढवली. हे आधीच व्हायला हवं होतं. पाणी पटकन निघून गेलं की झालं.

-----

निवृत्त_सिंचन | ८ जून, ११:२५

सिंचनात नोकरी झाली, आता घरी असतो. ताईंचा प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दोन पुरांतला फरक बघा. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. तो ढग बहुतेक शहरावरच रिता झाला. नदीत जायच्या आधीच रस्ते भरले, कारण आपल्या कांसांना (पावसाचं पाणी नेणाऱ्या नाल्यांना) एवढं पाणी झेपत नाही. २०२४ मध्ये शहरातही पाऊस होता आणि वरही. अजवा २१३ फुटांच्या वर गेला, पाणी सोडणं भाग पडलं, आणि काळ्या घोड्यापाशी धोक्याची पातळी २६ फूट असताना नदी ३५ फुटांच्या वर पोचली. पहिल्या पुराला शहरातले तलाव आणि कांस हवेत. दुसऱ्याला अजव्याच्या वर काहीतरी हवं. एकच उपाय घेऊन बसलो तर एका पुरात वाचू आणि दुसऱ्यात बुडू.

आता अजव्याबद्दल. लोक त्याला धरण म्हणतात आणि धरण म्हणजे पूर अडवणारं असं धरून चालतात. सयाजीराव महाराजांनी तो तलाव १८९० च्या दशकात शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून पुरा करवला. पिण्याच्या तलावाला पावसाळा संपताना काठोकाठ भरायचं असतं. पूर अडवणाऱ्या तलावाला ऐन श्रावणात पोटात जागा रिकामी ठेवायची असते. आपण एकाच तलावाकडून दोन्ही मागतो. ऑगस्टमध्ये दरवाजांपाशी बसलेल्या माणसाची अवस्था लक्षात घ्या. आत्ता रिकामा केला आणि पुढे पाऊसच आला नाही, तर एप्रिलमध्ये शहर त्याला धारेवर धरणार. भरू दिला आणि वरून लोंढा आला, तर तेच शहर बुडाल्यावर धरणार. शिवाय बांध मातीचा. मातीच्या बांधावरून पाणी गेलं तर बांध टिकत नाही. मोरबीला ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू-२ चं असंच झालं होतं. म्हणून शेवटच्या घटकेला पाणी सोडावंच लागतं, त्याला इलाज नसतो. जी काही सूट असते ती आधीच्या आठ-दहा दिवसांत असते.

सुरतेचं उदाहरण आपल्याला जवळचं. ऑगस्ट २००६. उकाई बरंचसं भरलेलं, वर तापीच्या खोऱ्यात महाराष्ट्र-मध्य प्रदेशात धो धो पाऊस. विसर्ग नऊ लाख क्युसेकच्या आसपास गेला आणि सुरतचा बहुतेक भाग पाण्याखाली. (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर.) उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या खालची पातळी पायरीपायरीने ठरवलेली असते. ती पायरी पाळायची तर वरच्या खोऱ्यातला पाऊस तासातासाला हातात हवा. अजव्यालाही असंच हवं. हालोलला, पावागडला, वाघोडियाला किती मिलिमीटर झाला हे दरवाजांवरच्या माणसाला आणि ताईंच्या शेडला एकाच वेळी कळलं पाहिजे. अजव्याहून पाणी शहरात पोचायला काही तास लागतात. ते तास आपण आज फुकट घालवतो.

-----

नवापुरा_गल्ली | ८ जून, १२:०२

काका, बासष्ट दरवाजे आहेत ना अजव्याला? मग थोडे थोडे उघडत ठेवले तर?

-----

निवृत्त_सिंचन | ८ जून, १२:१५

हो, ६२. पण त्यांच्या उंबऱ्याच्या खालचं पाणी दरवाजांतून जात नाही. तलाव आणखी खाली न्यायचा तर वेगळी सोय लागते. शिवाय थोडं थोडं सोडायचं तर खालची नदी ते थोडं पाणी काठात वाहून नेण्याइतकी मोकळी हवी. इथे दांडियाबाजारकरांचं म्हणणं पटतं. गाळ काढला पाहिजे. पण त्याने काम संपत नाही, तिथून सुरू होतं.

-----

अलकापुरी_गरनाळं | ८ जून, १४:४०

सगळं बरोबर, पण अहमदाबादला बघा. साबरमतीला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घातल्या, फिरायला रस्ता झाला, पुराची कटकट गेली. आपण अजून चर्चाच करतोय. दरवर्षी पहिला जोराचा पाऊस झाला की आमचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) भरतं आणि अलकापुरी आणि स्टेशन एकमेकांना पारखे होतात.

-----

रानवाट | ८ जून, १५:३०

अलकापुरीकर, तुमचा वैताग समजतो, पण साबरमती आणि विश्वामित्री यांची तुलना होत नाही. साबरमती तिथे मुळात रुंद वाळूची नदी. तिला साधारण २६३ मीटर रुंदी ठेवून भिंती घातल्या. वर धरोईचं धरण आहे. अहमदाबादेत जे पाणी आपण बघतो ते नर्मदेच्या कालव्यातून आलेलं आणि वासणा बॅरेजने अडवलेलं. आपली नदी अरुंद, खोल आणि दर दोन फर्लांगांवर वळणारी. ती वळणं आणि काठची कोतरं (पाण्याने कापलेल्या घळी) हीच तिची पुराचं पाणी ठेवायची कोठारं. मी वीस वर्षं समा ते वडसर काठाने फिरतोय. पूर चढताना पाणी आधी कोतरात शिरतं, तिथे गोल फिरतं, थांबतं. जिथे कोतर भरून वर सोसायटी उभी राहिली तिथे तेच पाणी शेजारच्या सोसायटीच्या जिन्यात शिरतं. मी २०१९ आणि २०२४ ला एकाच ठिकाणी उभा राहून हे बघितलंय. भराव घातलेली जागा कोरडी राहते आणि तिच्या पलीकडची, जी आधी कधी बुडत नव्हती, ती बुडते.

राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये विश्वामित्रीबद्दल निकाल दिला, नदीची हद्द आखा, काठ आणि पूरमैदान (पुराचं पाणी पसरतं तो पट्टा) जपा असं सांगितलं. ते काम नीट झालं तर निम्मं भांडण मिटेल, कारण आज नदी कुठे संपते हेच कुणी छातीठोक सांगत नाही.

मगरींबद्दल एक. २०२४ च्या पुराच्या तीन दिवसांत वन खात्याने वस्तीतून २४ मगरी पकडल्या. अकोट्याला छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो जगभर गेला. नदीत चारशेच्या वर मगरी आहेत. त्या उन्हाळ्यात काठाच्या मातीत अंडी घालतात, म्हणून काठ उभा कापून काँक्रीट केलं तर त्या कुठे जाणार याचं उत्तर आपल्या अंगणात मिळेल. मगरीला मातीचा उतरता काठ लागतो, आणि पुराच्या पाण्यालाही तोच काठ लागतो. इथे दोघांची गरज एक आहे, हे माझ्या मनाला फार लागतं.

-----

कृष्णाकाठ | ८ जून, १८:०५

सांगलीहून लिहितोय. मावशी बडोद्याला, तुमच्या पुराचे व्हिडिओ आम्ही रात्रभर बघत होतो.

आमच्याकडे २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आठवडाभर गाव पाण्यात. मग सगळ्यांनी अलमट्टीकडे बोट दाखवलं. कर्नाटकाने पाणी अडवलं म्हणून आम्ही बुडालो, असं. राज्याने वडनेरे समिती नेमली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला, त्यात अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. विलक्षण पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांवर भर होता. लोकांना आजही ते पटत नाही, आमच्या घरातच दोन तट आहेत. पण त्या वादातून एक झालं, कोयना, वारणा, राधानगरी, अलमट्टी ही नावं सांगलीच्या भाजीवाल्यालाही पाठ झाली. कुठून किती सुटलं हे लोक विचारतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. ३९ आकडा ऐकला की चिखली-आंबेवाडीची माणसं म्हशी सोडून वर आणतात. सरकारी गाडी यायची वाट बघत नाहीत. दोन राज्यांनी विसर्गाचा समन्वय ठेवायचं ठरवलं, तरी २०२१ ला पूर आलाच. पण त्या वेळी माणसं आणि जनावरं आधी हलली होती.

तुमच्याकडे काळ्या घोड्याचा २६ आकडा सगळ्यांना ठाऊक दिसतो. पण २६ हा धोका झाला. हलायचं कधी, तो आकडा कोणता? परशुराम भठ्ठ्याचा आकडा आणि अकोट्याचा आकडा एकच कसा असेल?

-----

विश्वामित्रीकाठी | ८ जून, २१:२०

दादा, हे फार मोलाचं बोललात. आमच्या शेडचा आकडा मी आज काढला. जुन्या फोटोंच्या वेळा आणि त्या दिवशीच्या बातम्यांतली पातळी जुळवून बघितली. काळ्या घोड्यापाशी २४ च्या पुढे गेलं की आमच्या गटारातून पाणी उलटं यायला लागतं. म्हणजे २६ ची वाट बघत बसलो तर आम्ही बुडालेलो असतो. यंदा १८ झाले की मूर्ती हलवायच्या, असं सासऱ्यांनी ठरवलं. नवापुऱ्यात माहेरच्या वाड्यातली वरची खोली रिकामी करून ठेवलीय.

-----

फत्तेगंज_७२ | ९ जून, ८:१५

आमच्या सोसायटीचं आवार साधारण एक हेक्टर. आधी तिथे शेत होतं, आता कडेकडेने पेव्हर ब्लॉक. १०० मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर म्हणजे दहा लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर. पूर्वी त्यातलं बरंचसं मातीत जिरायचं, आता सगळे शंभर टँकर अर्ध्या तासात रस्त्यावर, तिथून भुखी कांसात, तिथून नदीत. अशा किती सोसायट्या! आम्ही गेल्या महिन्यात गच्चीचं पाणी बोअरमध्ये जिरवायची सोय केली. एक काका म्हणाले, याने पूर थांबणार का? नाही थांबणार. पण २०१९ सारख्या शहरावरच्या पावसात शंभरातले वीस टँकर तरी आमच्या दाराशी थांबतील.

आणि तलाव! सुरसागर राखला म्हणून आपण खूश असतो, पण गोत्री, गोरवा, समा, सरसिया, किती तलाव होते आणि त्यांना जोडणारे कांस होते. तलाव सुशोभित करताना त्यात पाणी येण्याची वाटच बंद करतात. कठडा आणि दिवे आहेत, पण पावसाचं पाणी बाहेरून निघून जातं.

-----

निवृत्त_सिंचन | ९ जून, १०:५०

फत्तेगंजकरांचा हिशेब अचूक आहे. त्यात एक भर घालतो. काळी माती जूनमध्ये भेगाळलेली असते, पहिलं पाणी घटाघटा पिते. ऑगस्टपर्यंत फुगून भेगा मिटतात, मग तीच जमीन फरशीसारखी वागते. त्यामुळे जूनमधले चार इंच आणि ऑगस्टमधले चार इंच सारखे नसतात. आपले मोठे पूर जुलै अखेर आणि ऑगस्टमध्ये येतात त्याचं हे एक कारण.

दुसरं, नकाशात बघा, आपल्या नद्या साधारण पूर्व-ईशान्येकडून नैर्ऋत्येला जातात आणि सगळे मोठे रस्ते, रेल्वे, नर्मदेचा मुख्य कालवा त्यांना आडवे जातात. प्रत्येक भराव हा एक बांधच असतो, त्याला मोऱ्या किती आणि केवढ्या ठेवल्या यावर वरच्या गावाचं नशीब. रस्ता बांधणारा रस्त्याचा विचार करतो, कालवा बांधणारा कालव्याचा. मोरीचं माप ठरवताना सगळ्यांना एका टेबलावर बसवणारा कुणी नसतो. अजवा महापालिकेचा, ढाढरमध्ये पाणी सोडणारं देव धरण सिंचन खात्याचं, शहराबाहेरच्या बांधकामाची परवानगी तिसऱ्याकडे, काठची गावं पंचायतींची, खाली भरूच जिल्हा. २०२४ च्या पुरानंतर राज्य सरकारने बी. एन. नवलावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ते मला योग्य वाटलं, कारण तिने शहराच्या वरही बघितलं. पण समिती अहवाल देऊन उठते. दर पावसाळ्यात बसणारी, अजवा, देव आणि शहर यांचा निर्णय एकत्र घेणारी कायमची यंत्रणा हवी.

आणि पूरमैदानाचा कायदा. केंद्राने १९७५ मध्येच राज्यांना नमुना विधेयक पाठवलं, नदीकाठी पट्टे आखा, कुठल्या पट्ट्यात काय बांधायचं ते ठरवा म्हणून. मणिपूर, राजस्थान अशा मोजक्या राज्यांनी कायदा केला. पन्नास वर्षं झाली.

-----

सयाजीबाग_संध्या | ९ जून, ११:३०

पूरमैदान मोकळं करा म्हणताना एक विनंती. मी परशुराम भठ्ठ्यातल्या मुलांना संध्याकाळी शिकवते. दर पुरानंतर पहिली नोटीस झोपड्यांना येते, कारण त्यांच्याकडे कागद नसतात. शहराच्या टोकाला घर देतात आणि आई इथल्या चार घरची धुणीभांडी करते, ती रोज एवढा प्रवास करून येणार कशी? सहा महिन्यांनी ती परत नदीकाठी. कोतर बुजवून सहा मजले चढवणाऱ्याला मात्र परवानगीचा कागद असतो. नदीला जागा द्यायची तर ती कुणाकडून घ्यायची, हे आधी ठरवू या.

-----

वाल_नदीकाठी | ९ जून, १३:१०

मी मूळची कारेलीबागची, आता नेदरलँड्समध्ये नायमेखनजवळ राहते. सयाजीबाग_संध्या यांच्या प्रश्नाशी जुळणारं म्हणून लिहिते.

इथे १९९३ आणि १९९५ ला ऱ्हाइनच्या फाट्यांना मोठे पूर आले. १९९५ ला अडीच लाख माणसं हलवली. शतकानुशतकं बांध उंच करत आलेला हा देश. तेव्हा त्यांनी ठरवलं की बांध आणखी उंच करत बसण्यापेक्षा नदीला जागा द्यायची, आणि तीसहून जास्त ठिकाणी ते केलं. नायमेखनसमोर वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेला, बाजूने नवा फाटा खणला. त्यासाठी पन्नासेक घरं गेली. माझ्या शेजारच्या आजींचं जुनं घर त्यातलं. त्या अजून हळहळतात. पण त्यांना वर्षानुवर्षं बैठकांना बोलावलं होतं, पर्याय विचारले होते, बाजारभावाने पैसे मिळाले. आता त्या फाट्याच्या काठावर उन्हाळ्यात मुलं पोहतात आणि हिवाळ्यात पाणी आलं की तिथे पसरतं.

विश्वामित्री वालपेक्षा कितीतरी लहान, आणि आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे तसंच्या तसं करा असं मी म्हणणार नाही. पण वर, शहराच्या आधी, देणा गावाजवळ पाणी थांबवायचं तळं करायचं ठरलंय ना? माझ्या मते तीच खरी दिशा. शहराबाहेर जागा अजून आहे. दहा वर्षांनी नसेल.

-----

ढाढरपार | ९ जून, २०:४५

दोन दिवस वाचतोय. इतका वेळ कुणी आमचं नाव घेतलं नाही, म्हणून लिहितो.

माझे आजोबा बडोद्याहून मास्तर म्हणून करजण तालुक्यात आले आणि इथेच राहिले. पिंगलवाड्याच्या बाजूला, जिथे तुमची विश्वामित्री ढाढरला मिळते, तिथे आमची जमीन. कापूस आणि तूर. या पट्ट्याला कानम म्हणतात, काळी जमीन, कापसासाठी नावाजलेली. बडोद्याच्या बातम्या संपतात तिथे आमचा पूर सुरू होतो. तुमच्याकडचं पाणी उतरल्याचा आनंद टीव्हीवर बघत असतो तेव्हा ते आमच्या शेतात चढत असतं. वरून देव धरणाचं पाणी ढाढरमधून, तुमचं विश्वामित्रीतून, जांबुवा नदीचं वेगळं, सगळं एकत्र. गेल्या वर्षी कापसाला बोंडं धरायची वेळ होती. झाड पाण्यात उभं राहिलं की आधी पानं लाल होतात, मग मुळं कुजतात. आठव्या दिवशी उपटलं तर मुळाची साल बोटांना चिकटून आली.

आता तुम्ही शहरात पात्र रुंद आणि खोल केलंत. दांडियाबाजारकर म्हणतात पाणी पटकन निघून जाईल. काका, निघून कुठे जाईल? तुमच्याकडे दोन दिवस रेंगाळणारं पाणी आता एका दिवसात आमच्याकडे येईल. आमची ढाढर कुणी रुंद केलेली नाही.

आणि समुद्राचं कुणीच बोललं नाही. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीत दहा मीटरपर्यंत फरक पडतो. मोठ्या भरतीला मुखापाशी नदीचं पाणी पुढे सरकत नाही, पाठी फुगतं. ३१ जुलै २०१९ ला अमावास्या लागली होती, म्हणजे उधाण. २०२४ चा पूर जन्माष्टमीचा, अष्टमीला भांग असतो, भरती लहान. तरी एवढं पाणी चढलं. हेच पाणी अमावास्येला आलं असतं तर जंबुसर-आमोदच्या गावांचं काय झालं असतं? अजव्याचे दरवाजे कधी उघडायचे ते ठरवताना पंचांगही समोर ठेवा, ही हात जोडून विनंती.

-----

दांडियाबाजारकर | ९ जून, २१:३०

तुमचं म्हणणं मान्य. मी आयुष्यभर बडोद्यात राहिलो आणि नदी वडसरच्या पुढे कुठे जाते हा विचार कधी मनात आला नाही. आज नातवाला घेऊन नकाशात ढाढर शोधली.

-----

विश्वामित्रीकाठी | १० जून, ७:४०

ढाढरपार दादा, काल रात्री तुमचं लिहिलेलं सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्या मूर्तींची माती पण शेवटी त्यांच्याच शेतात गेली असेल.

मी जे मागायला निघाले होते ते आता बदललंय. मला वाटत होतं आमच्या काठाला भिंत मिळावी. आता मागायचं ते असं की पावागडला पडलेला पाऊस, प्रतापपुरा-अजव्याची पातळी, देव धरणाचा विसर्ग, काळ्या घोड्याचा आकडा आणि आखाताच्या भरतीची वेळ हे सगळं एका फलकावर, गुजराती आणि मराठीत, तासातासाला दिसावं. वरची कोतरं आणि तळी पाणी धरून ठेवतील अशी राखावीत. आणि शहरात पात्र रुंद करायचं तर आधी खाली ढाढरची सोय विचारावी. निवृत्त_सिंचन काका, याचा अर्ज लिहून द्याल का? सह्या मी गोळा करते. चतुर्थीची नोंदणी करायला माणसं येतात, प्रत्येकाला दाखवेन.

-----

निवृत्त_सिंचन | १० जून, ९:०५

रविवारपर्यंत मसुदा देतो. ढाढरपार, तुमच्या गावाची सही पहिली हवी.

-----

ढाढरपार | १० जून, २०:१०

देतो, आणि आणखी एक करतो. आमच्याकडे नदीकाठी महादेवाचं देऊळ आहे, घाटाला अकरा पायऱ्या. सरकारी मोजपट्टी इथे कुठेच नाही, पण त्या पायऱ्या गावाला पाठ आहेत. चौथी बुडाली की आम्ही पंप काढतो, सातवी बुडाली की गुरं. तुम्ही काळ्या घोड्याचा आकडा इथे लिहा, मी त्याखाली पायरी लिहीन, वेळेसकट. एका पावसाळ्यात कळेल की तुमचा कितवा फूट आमच्या कितव्या पायरीला, किती तासांनी पोचतो. आज अकराही पायऱ्या कोरड्या आहेत.

-----

विश्वामित्रीकाठी | ११ जून, ६:३०

पुलावर जाऊन आले. पाणी पार तळाला आहे, मोजपट्टीचा खालचा भाग स्वच्छ दिसतोय. रोज सकाळी साडेसहाला लिहीन, पाऊस असेल तर संध्याकाळीही.